माशीचे दहा दिवस

धार काढणाऱ्याला लाथ बसली की दोष गाईच्या स्वभावाला जातो. मारकी आहे, खोडील आहे, असा एकदा बोभाटा झाला की बाजारात तिची किंमतही पडते. पण लाथ मारण्याआधीची दोन मिनिटं तिच्या पायांकडे कुणी पाहिलेलं नसतं. गुडघ्याखाली, आखूड केसांत, चार-सहा करड्या माश्या डोकं वरच्या बाजूला करून बसलेल्या असतात. दिसायला अगदी घरमाशीसारख्या. फरक तोंडात आहे. घरमाशी चाटते, ही चावरी माशी भोसकते. तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते आणि पोटभर रक्त प्यायला तिला दोन ते पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात गाय पाय आपटते, माशी उडते, पुन्हा त्याच पायावर बसते, पुन्हा भोसकते. लाथेचा नेम माशीवर असतो. बादली आणि माणसाचा गुडघा मध्ये येतात, इतकंच.

म्हणून माशीचा बंदोबस्त आणि जनावराजवळ सुरक्षित वावरणं हे दोन वेगळे विषय आहेत असं समजणं गोठ्यात महागात पडतं. ज्याच्या गोठ्यात माशी जास्त, त्याच्या घरात लाथेचे, शेपटीच्या फटकाऱ्याने डोळा सुजल्याचे आणि सांडलेल्या दुधाचे किस्से जास्त.

छत्तीसगडातल्या भिलाईचं उदाहरण घ्या. भिलाई म्हटलं की डोळ्यांपुढे पोलाद येतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्याआधी हा सगळा भातखाचरांचा आणि तलावांचा मुलूख होता, आणि तो पोलादाखाली पुरता गाडला गेला नाही. जुनवानी रस्त्यालगतचं स्मृति नगर ही आज घरं, दुकानं, शिकवण्या यांनी भरलेली वसाहत आहे. पण भिलाईच्या अशा वसाहतींच्या कडेला दोन-चार गाईंचे गोठे अजून टिकून आहेत. अमेरिकेत छोटा पशुपालक म्हटलं तरी त्याच्याकडे कुंपण घातलेलं कुरण असतं. इथल्या छोट्या पशुपालकाकडे पत्र्याचं छप्पर, एक गव्हाण, पाण्याचं टाकं आणि मागच्या भिंतीला लागून शेणाचा ढीग असतो. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. माशी मोकळ्या रानात असती तर निदान भांडण तरी झालं नसतं.

माशीची पहिली गोष्ट समजून घ्यायची ती तिच्या वयाची. गोठ्यात उडताना दिसते ती माशी म्हणजे सगळ्या वंशाचा लहानसा हिस्सा. उरलेला अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत शेणात, ओल्या पेंढ्यात, उकिरड्यात पडलेला असतो. तापमान तिशीच्या आसपास असलं की घरमाशीचा अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा प्रवास साधारण दहा दिवसांत पुरा होतो. चावऱ्या माशीला दोन-तीन आठवडे लागतात. पाठीवर आणि वशिंडाभोवती पुंजक्याने बसणारी एक बारीक माशी असते; ती दिवसरात्र जनावराच्या अंगावरच राहते आणि फक्त अंडी घालायला, तीही अगदी ताज्या शेणात, खाली उतरते. तिचंही चक्र दहा दिवसांच्या आसपास फिरतं.

हे आकडे कळले की सारा बंदोबस्त पंचांगाचा होतो. आठवड्यातून दोनदा गोठ्याचा कानाकोपरा खरवडून निघाला, तर या आठवड्यात घातलेल्या अंड्यांची माशी होण्याआधीच ती उचलली जातात. पंधरा दिवसांनी एकदा कितीही घासूनपुसून सफाई केली, तरी एक पिढी तोवर उडून गेलेली असते. शिवाय, लोक उचलतात ते समोरचं शेण. चावरी माशी वाढते ती गव्हाणीखालच्या ओलसर गाळात, सांडलेला चारा आणि मूत्र मिसळून कुजतं तिथे. छत्तीसगडात भाताच्या पेंढ्याला ‘पैरा’ म्हणतात. तो अंथरलेला असो की खाऊन उरलेला, भिजून काळा पडला की त्याची माशीशाळा होते. दिसायला गोठा स्वच्छ आणि तरी माश्या भरपूर, असं कोडं पडलं तर गव्हाण हलवून खाली पाहावं.

उन्हाळ्याचं गणित याहून जरा निराळं आहे. मे महिन्यात भिलाई असो की नागपूर, पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, दोन्हीकडे त्याच नावाने ओळखला जातो. इतक्या कोरड्या उन्हात उघड्यावरचं शेण चटकन वाळतं आणि वाळल्या शेणात अळी जगत नाही. मग माश्या येतात कुठून? टाक्याच्या गळतीतून, मोरीतून, कूलरच्या थेंबांतून. म्हशींना गारवा मिळावा म्हणून दिवसभर सोडलेल्या फवाऱ्याने जमीन चिखलते, त्यातून. कडक उन्हाळ्यात माशी ओलीवर जगते, म्हणून त्या दिवसांतलं माशी-निवारणाचं पहिलं अवजार नळाचा वायसर हे आहे. गुरांना पाणी जरूर मारावं, पण उतार असलेल्या फरशीवर, आणि पाणी पंधरा मिनिटांत निथळून जाईल असं. पहिला वळवाचा पाऊस पडला की मात्र सगळा कोरडा उकिरडा एका रात्रीत भिजतो आणि दहा दिवसांनी गाव माश्यांनी भरतं. उकिरडा हलवायचा तो वळवाच्या आधी.

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तिथे, आणि साऱ्या छत्तीसगडात, काही वर्षांपूर्वी एक मोठा प्रयोग झाला. तो माशीसाठी नव्हता, पण माशीच्या मुळावर येणारा होता. २० जुलै २०२० रोजी, हरेली सणाच्या दिवशी, छत्तीसगड सरकारने ‘गोधन न्याय योजना’ सुरू केली. गावोगावच्या गौठानात, म्हणजे गुरांच्या सामाईक जागेत, शेण किलोला २ रुपये दराने विकत घेतलं जाऊ लागलं आणि बचतगटांच्या बायका त्याचं गांडूळखत करू लागल्या. दोन वर्षांनी, पुन्हा हरेलीलाच, २८ जुलै २०२२ रोजी गोमूत्राची खरेदी लिटरला ४ रुपये दराने सुरू झाली. तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी पाटण तालुक्यातल्या करसा गावी पाच लिटर गोमूत्र विकून २० रुपये घेतले, त्या फोटोची देशभर चर्चा आणि थट्टाही झाली. २०२३ च्या अखेरीस राज्यात सत्ता बदलली आणि ही खरेदी मागे पडली.

थट्टा सोडून हिशेब पाहावा. बऱ्यापैकी अंगाची गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते. दोन गाईंचं वीस-पंचवीस किलो धरलं तर दिवसाचे चाळीस-पन्नास रुपये. शेणाला दर मिळाला की ते दाराशी साचत नाही. टोपलीत भरून निघून जातं. स्वच्छतेवर शंभर भाषणं देऊन जे होत नाही ते दोन रुपयांनी होतं. योजनेच्या नफ्यातोट्याबद्दल वाद घालायला पुष्कळ जागा आहे, पण उकिरडा रोजच्या रोज हलतो तेव्हा माशीला तिचे दहा दिवस मिळत नाहीत, ही गोष्ट त्या वादात कुणाच्या गावीही नव्हती. गोबरगॅसचंही तसंच. ताजं शेण टाकीत गेलं की माशीला अंडी घालायला जागाच राहत नाही.

ज्याच्याकडे गॅसही नाही आणि गिऱ्हाईकही नाही, त्याने ढीग निदान नीट घालावा. पसरट, ओलसर ढीग म्हणजे माशीला आमंत्रण. उंच, घट्ट रचलेला ढीग आतून कुजताना पन्नास अंशांच्या वर तापतो आणि आतल्या अळ्या शिजून मरतात. ज्या जगतात त्या बाहेरच्या गार थरात. म्हणून आठवड्याने ढीग उलटून बाहेरचा थर आत घालायचा, किंवा जाड प्लॅस्टिकने पूर्ण झाकून कडांवर माती दाबायची. गोवऱ्या थापायच्या तर पातळ आणि उन्हात. छत्तीसगडीत गोवरीला ‘छेना’ म्हणतात; नागपूरहून भिलाईला आलेल्या नव्या सुनेला पहिल्यांदा कुणी छेना आणायला सांगितलं तर ती मिठाईच्या दुकानाकडे वळेल.

शेण वेळेवर उचललं नाही तर काय होतं, याचा एका अख्ख्या खंडाने अनुभव घेतला आहे. ऑस्ट्रेलियात १७८८ साली पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर गुरं आली. तिथले देशी शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईच्या पातळ पोवट्याचं त्यांना काही करता येईना. शेण महिनोन्‌महिने पडून राहू लागलं आणि माश्यांनी उच्छाद मांडला. हंगेरीहून आलेले शास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांनी यावर परदेशी शेणकिडे आणण्याचा उपाय सुचवला आणि १९६० च्या दशकात तिथल्या ‘सीएसआयआरओ’ या संशोधन संस्थेने तो हाती घेतला. भारतातही आढळणारी एक जात पहिल्या काही पाहुण्यांत होती. आपल्याकडे हा कामगार फुकट मिळालेला आहे. पावसाळ्यात सकाळी गुरांच्या वाटेवर शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा दिसतो, तो माशीचंच अन्न पळवत असतो. जनावराला वारंवार आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक टोचलं तर त्याचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि या किड्याची पिल्लं मारतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

औषध फवारू नये असं नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी जनावरांसाठीच बनवलेली औषधं गोचिडांवर आणि माश्यांवर चालतात. पण तीच ती बाटली दर पंधरवड्याला वापरली की माशी तिला सरावते. आणि घरात कापसावरचं किंवा भातावरचं औषध उरलंय म्हणून तेच गाईवर मारणं हा तर जिवाशी खेळ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते उघड्या शेतात होते. गोठ्याला तर तीन बाजूंनी भिंती असतात. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ, आणि प्रमाण बाटलीवरच्या चिठ्ठीचं, शेजाऱ्याच्या सांगण्याचं नव्हे. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजावं, म्हणजे ते ओलं अंग चाटत नाही. डोळे, तोंड, कास आणि उघडी जखम सोडून द्यायची. दूध किती दिवस वापरायचं नाही, ते पशुवैद्यकाला विचारायचं. दुर्गच्या भागात आणखी एक पथ्य आहे: इथे गावागावाला तलाव, तलावात मासळी आणि त्याच पाण्यात गुरांची आंघोळ. ही औषधं माशांना फार विषारी असतात. फवारलेली गुरं आणि धुतलेला पंप तलावात जाता कामा नये.

घरगुती उपायांत कडुनिंबाची धुरी सर्वांत जुनी. संध्याकाळी दोन गोवऱ्या, वर ओला पाला. डास, चिलटं पांगतात, तेवढ्यापुरती. पण कोंदट गोठ्यात रात्रभर धूर ठेवला तर वासराला खोकला लागतो, आणि पेंढ्याशेजारी निखारा ठेवून झोपलेल्यांचे गोठे जळाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात. सीताफळाच्या बियांची पूडही काही जण लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते, गाईच्या आणि लावणाऱ्याच्याही. त्यापेक्षा पंखा बरा. माशी वाऱ्यात नीट उडू शकत नाही. धार काढताना पायांच्या उंचीवर जोराचा पंखा सोडला तर निम्मी लढाई तिथेच होते.

उरलेली लढाई माणसाच्या वागण्याची.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त थेट पाठीमागचं दिसत नाही. तिथून गुपचूप आलेला हात तिच्या लेखी माशीच असतो, किंवा माशीहून वाईट काहीतरी. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या नजरेने गोठे आणि वाटा कशा असाव्यात यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी लोकप्रिय केलेली एक साधी खूण कुठल्याही गुराख्याला हाताने माहीत असते: जनावराच्या खांद्यापाशी एक अदृश्य रेघ असते. त्या रेघेच्या मागे उभं राहिलं की ते पुढे चालतं, पुढे गेलं की मागे सरकतं. शेपूट पिरगाळायची गरज पडत नाही. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जवळ जायचं, हात आधी पाठीवर ठेवायचा आणि तो न उचलता खाली सरकवत कासेपर्यंत न्यायचा.

घोडा लाथ मागे झाडतो. गाय पाय आधी पुढे घेते आणि मग बाजूला, मागे फिरवते, म्हणून कुशीशेजारीही धोका असतो. अंगाला चिकटून बसलं तर लाथेत जोर येत नाही, दोन हात दूर राहिलं तर ती पोहोचत नाही. मधलं अंतर वाईट. दावं हाताच्या पंज्याला गुंडाळणं ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक आहे. गाय एका झटक्याला उधळते आणि बोट दोरीत राहतं. औषध लावायला जनावर बांधायचं तर डोकं आखूड, खांबाला, आणि ओढताच सुटेल अशा गाठीने. एका अंगाला भिंत असली तर उत्तम. दवाखान्यात असतो तसा लाकडी किंवा लोखंडी खोडा चार गोठ्यांनी मिळून उभा केला तर लस, फवारणी, खुरांची सफाई, सगळंच सोपं होतं. पंपाच्या फुस्स आवाजाला गाय बिचकते. आधी दोन-तीन दिवस नुसतं पाणी फवारून तिला सवय लावावी, आणि सुरुवात पायांपासून करावी. हे सगळं पहाटे. दुपारच्या उन्हात धावपळ करवलेलं संकरित जनावर तोंडाने धापा टाकू लागतं. नुकतीच व्यालेली गाय मात्र कितीही गरीब असो, तिच्या आणि वासराच्या मध्ये जाऊ नये.

माशीचं नुकसान चिडचिडीवर थांबत नाही. १८८० साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा एक परजीवी पाहिला. तोच ‘सर्रा’ रोगाचा जंतू. मोठ्या डोळ्यांचा, जोरात चावणारा डांस तो एका जनावराचं रक्त दुसऱ्यात नेऊन पसरवतो, आणि आजही पावसाळ्यानंतर गाई-म्हशी, घोडे त्याने आजारी पडतात. लम्पी हा गुरांचा साथीचा रोग तर ताजी आठवण आहे. २०१९ मध्ये ओडिशात तो भारतात पहिल्यांदा आढळला, ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून महाराष्ट्रात त्या वर्षीच्या साथीच्या बातम्या सुरू झाल्या, आठवडी बैलबाजार बंद पडले, आणि त्या वर्षी देशभरात दीड लाखांहून जास्त गुरं गेली. डास, चावऱ्या माश्या, गोचीड हे त्याचे वाहक. शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा कामी आली. पण लस टोचायला गाय उभी राहायला हवी, आणि आधी कधी माणसाचा हात न लागलेली गाय सुई पाहून गोठा डोक्यावर घेते, हे त्या वर्षी लसीकरणाला फिरलेल्या कर्मचाऱ्यांना चांगलं कळलं.

अशा वेळी विचारायचं कुणाला, हा प्रश्न या भागात तरी अवघड नाही. दुर्गच्या पलीकडे, राजनांदगावच्या रस्त्यावर अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि कामधेनू विद्यापीठ आहे. त्याच महामार्गाने पश्चिमेला गेलं की नागपूरला महाराष्ट्राचं पशुविज्ञान विद्यापीठ. गाय कोणती पाळावी, हाही या बंदोबस्ताचाच भाग. छत्तीसगडची स्वतःची नोंदणीकृत देशी गाय कोसली, अंगाने लहान, बहुधा तांबूस. देशी गाय कातडी थरथरवून माशी उडवते आणि गोचिडाला संकरित गाईपेक्षा बरी तोंड देते. दूध कमी म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी औषधाच्या बाटल्यांची बिलंही त्याच वहीत मांडावीत.

परंपरेला हे सगळं अंदाजाने उमगलं असावं असं हरेलीकडे पाहून वाटतं. आपल्याकडची आषाढातली दिव्याची अमावस्या, तीच छत्तीसगडातली हरेली. त्या दिवशी राऊत, म्हणजे गुराखी, दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतो आणि गुरांना पिठाच्या गोळ्यातून मीठ चारलं जातं. तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि माशीची वेळ सुरू झालेली असते. एक डहाळी माशी अडवत नाही, हे खरं. पण माशीच्या हंगामात गोठ्याकडे लक्ष वळवायचा दिवस बरोबर निवडलेला आहे.

त्यानंतरच्या अमावस्येला पोळा, छत्तीसगडचा पोरा. बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे, पट्टे, शिंगांना रंग. मुलांच्या हाती मातीचे नांदिया बैल. अशा पट्ट्यांचा माशीशीही संबंध निघाला आहे. २०१९ मध्ये जपानच्या आइची प्रांतातल्या संशोधकांनी सहा काळ्या गाईंवर पांढऱ्या रंगाने झेब्र्यासारखे पट्टे ओढले आणि अंगावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या मोजल्या. पट्टेवाल्या गाईंवर त्या जवळजवळ निम्म्याच भरल्या. पाय आपटणं, शेपूट झाडणंही कमी झालं. नुसते काळे पट्टे ओढलेल्या गाईंना मात्र हा फायदा मिळाला नाही, म्हणजे रंगाच्या वासाची ही करामत नव्हती. पट्ट्यांमुळे माशीला उतरण्याचा अंदाज येत नाही, असा तर्क आहे. या कामाला २०२५ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. अडचण एवढीच की तो रंग काही दिवसांत निघून जातो.

माश्या मोजायची रीत सोपी आहे. सकाळच्या उन्हात, चार पावलं दूर उभं राहून, एकेका पायावरच्या मोजायच्या. पायामागे सरासरी पाच भरल्या की दुधाला फटका बसू लागतो, असा अमेरिकेतल्या पशुपालकांचा ठोकताळा आहे. येत्या पोळ्याला मिरवणूक निघण्याआधी रंगवलेल्या काळ्या बैलाच्या आणि न रंगवलेल्या काळ्या बैलाच्या पायांवरच्या माश्या एखाद्या शाळकरी पोराला वहीत मांडायला सांगाव्यात.